चाचणी सातला आलेले मेसेज

जी बाई कधी जन्मालाच आली नाही, तिचे मेसेज तीन वर्षं माझ्या मोबाईलवर येत होते. 'आपला रक्ताचा रिपोर्ट तयार आहे.' 'उद्या सकाळी दहा वाजता आपली अपॉइंटमेंट आहे.' 'आपल्या प्रकृतीला लवकर आराम पडो.' एकदा तर महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, माझे हात पुरणात असताना मेसेज वाजला आणि जावेनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. सुखरूप प्रसूतीबद्दल हॉस्पिटलतर्फे माझं अभिनंदन केलेलं होतं. मी तेव्हा बावन्न वर्षांची होते. त्यानंतर वर्षभर घरात जो येईल तो बाळाची चौकशी करायचा.

मी छत्रपती संभाजीनगरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात रेकॉर्ड विभाग सांभाळते. पूर्वी आमच्याकडं लाल फडक्यात बांधलेले केसपेपरांचे गठ्ठे असायचे. उंदीर त्यांना कुरतडायचे, पण निदान गठ्ठ्यात खोटा माणूस नसायचा. मग कॉम्प्युटर आला. शिकवायला पुण्याहून कंपनीची दोन माणसं आली. सरावासाठी वेगळी सिस्टीम असते, ती पुढच्या आठवड्यात बसवू, तोवर खऱ्या सिस्टीममध्येच खोटे पेशंट काढून शिका, असं त्यांनी सांगितलं. तो पुढचा आठवडा अजून यायचा आहे.

तर असे नऊ खोटे पेशंट तयार झाले, चाचणी एक ते चाचणी नऊ. आडनाव चाचणी, नाव आकडा. कुणाला वय नव्वद, कुणाला पस्तीस, जसं सुचेल तसं. सिस्टीमला मोबाईल नंबर लागतोच, त्याशिवाय ती पुढं सरकत नाही. कुणाचा टाकू, असं त्या माणसानं विचारल्यावर खोलीतले सगळे आपापल्या चपलांकडं बघायला लागले. मी म्हटलं, टाका माझा. नको तिथं पुढं पुढं करायची मला लहानपणापासून खोड आहे.

शिकवणारे दहा दिवसांत गेले, पेशंट राहिले. आणि आमच्या लोकांना ते फार सोयीचे झाले. नवीन आलेली सिस्टर त्यांच्यावर औषधं चढवून बघायची, लॅबवाले त्यांचं रक्त तपासून बघायचे. चाचणी चार हा पुरुष होता, त्याचं कुणीतरी सिझेरियन केलं. त्याच्याच मेसेजनं माझी घरात शोभा झाली. चाचणी दोन ही बाई स्त्री-वॉर्डात कॉट नंबर चौदावर दाखल झाली आणि तिला घरी सोडायचं कसं हे शिकायच्या आतच तास संपला. चार महिने ती तिथंच होती. स्वयंपाकघराला रोज कॉम्प्युटरवरून यादी जायची, त्याप्रमाणे चौदा नंबरला रोज दोन वेळचं ताट यायचं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, ते मी डोळ्यांनी बघितलं. ताट कोण खायचं ते मी विचारलं नाही. पण एक दिवस वैजापूरहून आलेल्या बाईला वॉर्ड भरलाय म्हणून दोन तास बाकड्यावर बसवलं होतं, आणि चौदा नंबरच्या कॉटवर मावश्या चादरींच्या घड्या घालत होत्या, हे बघितल्यावर मात्र माझं डोकं फिरलं.

मी कंपनीला फोन लावला. तक्रार ऑनलाइन टाका, म्हणाले. टाकली. उत्तर आलं की, कायद्यानं पेशंटची नोंद पुसता येत नाही, फक्त बंद करता येते, तीही एकेक करून आणि कारण लिहून. मी म्हटलं, अहो, पण हा माणूसच नाही. तर पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, मॅडम, सिस्टीमच्या दृष्टीनं आहे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांशी वाद काय घालणार.

पुढं डॉक्टर मंडळींनी कुरकुर सुरू केली की, त्यांच्या यादीत खऱ्या रिपोर्टांमध्ये हे चाचण्यांचे रिपोर्ट घुसतात. ते रास्तच होतं. मी पुन्हा कंपनीच्या मागं लागले आणि चाचणी आडनावाचा रिपोर्ट डॉक्टरांच्या यादीत दिसणारच नाही अशी व्यवस्था करून घेतली. तीन वर्षांत माझी एवढी एकच तक्रार त्याच दिवशी निकाली निघाली. मी त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला.

मेसेजही मी वाचणं सोडून दिलं. वाजला की अंगठ्यानं बाजूला सारायचा. रोज मरे त्याला कोण रडे.

याच सुमाराला मी आणखी एक मोहीम काढली होती. कॉम्प्युटर आला तरी प्रत्येक खोलीत सिस्टर आपापलं लांब रजिस्टर लिहीतच होत्या. एकच काम दोनदा. मी फिरून सगळी रजिस्टरं गोळा केली आणि गोदामात टाकली. गाठीतून सुईनं नमुना काढतात त्या खोलीतली सिस्टर सगळ्यांत हट्टी. वीस वर्षं तिथंच काढलेली, कामाला वाघीण, पण बोलण्यात फटकळ. तिला मी चारचौघांत बोलले होते की, तुमचा यंत्रावर विश्वास नसेल तर तसं सांगा. तिनं रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं होतं.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर सरांनी, म्हणजे आमच्या वैद्यकीय अधीक्षकांनी, मला बोलावलं. हॉस्पिटलचा दर्जा तपासायला बाहेरची मंडळी येणार होती. ती यायच्या आत ही भुतं गाडा, असं सरांचं म्हणणं. मला आनंदच झाला. तीन वर्षं ज्यांनी माझा जीव खाल्ला त्यांना एकेक करून बंद करायला मी चष्मा पुसून बसले. सहा झाले. प्रत्येकापुढं कारण लिहिलं, सरावासाठी काढलेला पेशंट. मग सात उघडली.

चाचणी सात, स्त्री, वय पंचेचाळीस. बाकीच्यांच्या नोंदी पहिल्या वर्षभरातच थांबल्या होत्या. हिच्या चालूच होत्या, अगदी चालू महिन्यापर्यंत. आणि नोंदी अशा की डोकं धरावं. सोमवारी हिमोग्लोबिन बारा, गुरुवारी सहा. एका महिन्यात रक्तगट बी, पुढच्या महिन्यात ओ. उजव्या पायाचा एक्स-रे, लहान मुलाचं खोकल्याचं औषध, मोतीबिंदूची तपासणी. आधी मला राग आला की, अजून कोण खेळतंय. मग खाली एक ओळ दिसली. डाव्या स्तनातली गाठ, सुईनं नमुना घेतला. मी हात मागं घेतला. सराव करणारं माणूस कॉम्प्युटरवर वाटेल ते टाकेल, पण कुणाच्या अंगात सुई घालणार नाही.

नोंदणीच्या खिडकीवर आमचे काका बसतात. गठ्ठ्यांच्या काळापासून तिथंच आहेत, रिटायर व्हायला वर्ष राहिलंय. खेड्यातून आलेल्या माणसाला कुठली खोली, कुठला डॉक्टर, लघवी कुठं, सगळं तेच सांगतात. मी त्यांना आत बोलावलं आणि सात नंबर दाखवला. त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही.

"मोबाईल नंबर टाकल्याबिगर ते पुढंच जात नाय, मॅडम," काका म्हणाले. "मेंढरावाल्या लोकांकडं कुठला फोन? आख्ख्या वस्तीत एक, तोबी बंद. पाच वाजता उठून आलेल्या माणसाला वापस पाठवू का? सातवर टाकतो, काम हुतं त्यांचं."

मी विचारलं, किती दिवसांपासून? ते म्हणाले, पहिल्यापासूनच. डॉक्टरांना माहीत होतं? व्हय, कागदावर नाव बघून हसतात आणि तपासतात. लॅबला? व्हय. म्हणजे ज्याच्याकडं मोबाईल नाही, ज्याच्या आधार कार्डावरचा नंबर कधीच बंद पडलाय, असा प्रत्येक माणूस आमच्या हॉस्पिटलात चाचणी सात होता आणि हे रेकॉर्ड विभागाच्या प्रमुख बाई सोडून सगळ्यांना माहीत होतं. मला त्यांचा गळा धरावासा वाटला. आणि खोटं कशाला सांगू, त्यांच्या जागी मी काय केलं असतं तेही मला सांगता आलं नाही.

गाठीचा रिपोर्ट मी उघडला. कॅन्सर होता. रिपोर्ट पाच आठवड्यांपूर्वीचा. आठवड्यातून दोनदा येऊन काचपट्ट्या बघणाऱ्या डॉक्टरांना पेशंटचं नाव नाही, फक्त नमुन्याचा नंबर दिसतो, त्यांनी आपलं काम चोख केलं होतं. मग रिपोर्ट निघाला, नाव चाचणी म्हणून सर्जनच्या यादीत आलाच नाही, ती व्यवस्था माझी. आणि मेसेज निघाला तो माझ्याकडं.

मी मोबाईल काढून मागं मागं जात राहिले. होता. 'आपला तपासणी अहवाल तयार आहे. कृपया डॉक्टरांना त्वरित भेटा.' तारीख बघितली तेव्हा आठवलं, मी कोपऱ्यावरच्या गाड्यावर मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होते. डाव्या हातात जुडी, उजव्या हाताच्या अंगठ्यानं मी तो बाजूला सारला होता.

काकांना मी विचारलं, रिपोर्ट घ्यायला कधी यायचं हे त्या बाईला काय सांगितलं होतं?  ते म्हणाले, सगळ्यांना सांगतो तेच. मेसेज आला की या. दिवसातून दोनशे वेळा म्हणायचं वाक्य, तोंडातून जातंच. जिच्याकडं फोन नाही म्हणून तिला सातवर टाकलं, तिलाच त्यांनी सांगितलं होतं की मेसेज आला की या. काका खुर्चीवर बसले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडायला तोंड कुठं होतं.

आता बाई शोधायची कशी? नाव चाचणी, गाव रिकामं, पत्ता रिकामा. मी सुईच्या खोलीत गेले. सिस्टर एकटीच होती. मी तिला सगळं सांगितलं, मेसेजसकट. तिनं माझ्याकडं बघितलं, मग हातमोज्यांचे खोके ठेवायच्या कपाटाचा खालचा खण ओढला आणि तळातून लांब रजिस्टर काढलं. मी जप्त केलं होतं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिनं नवीन सुरू केलं होतं.

"रागवायचं असलं तर मागून रागवा," ती म्हणाली, आणि पानं उलटायला लागली.

निळ्या पेनानं, ठसठशीत अक्षरात सगळं होतं. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, पाचोडजवळची वस्ती. पुढं शेऱ्यात लिहिलं होतं, मेंढरं राखतात, फोन नाही, बाजारच्या दिवशी पाचोडला येतात. मी त्या पानावर हात ठेवून उभी राहिले. सिस्टर टोमणा मारेल असं मला वाटत होतं आणि तिनं तो मारला असता तर बरं झालं असतं.

सरांना सांगितल्यावर ते आधी तपासणीवाल्यांबद्दलच बोलले. मग पत्र पाठवू म्हणाले. मी म्हटलं, पत्र वाचणार कोण? शेवटी बाजारच्या दिवशी मी आणि सिस्टर दोघींनी रजा टाकली आणि बीडकडं जाणारी एसटी पकडली. सिस्टर अशासाठी की त्या बाईचं तोंड फक्त तिच्याच लक्षात होतं. आडूळ गाव मागं पडलं. मग तिनं डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं केली, आणि मी ती घेतली.

बाजारात शेळ्या-मेंढ्या बांधतात त्या बाजूला आम्ही दोन तास फिरलो. मी तोंडानं पुटपुटत होते, कंपनीवर, सरांवर, उन्हावर, स्वतःवर. सिस्टर नुसती तोंडं बघत चालली होती. बाई सापडली ती मात्र भांड्यांच्या दुकानापाशी. जर्मनचं एक पातेलं हातात घेऊन ती उजेडाकडं धरून भोकं बघत होती. अंगावर हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, उन्हानं रापलेली, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. सिस्टरनं हाक मारली तशी तिनं लगेच ओळखलं आणि हसली.

आम्ही तिला बाजूला लिंबाखाली नेलं. मी हॉस्पिटलातून आले म्हटल्यावर तिनं कमरेची पिशवी काढली, तिच्यातून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातून घडी घातलेला कागद. आमचाच केसपेपर. एक सुरकुती नव्हती त्याच्यावर. वर ठळक छापलेलं होतं, चाचणी सात, स्त्री, पंचेचाळीस. तिला वाचता येत नव्हतं. घरातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवला तर गळतं म्हणून ती तो अंगावरच वागवत होती.

मी विचारलं, ताई, तुम्ही परत का आला नाहीत?

"त्या बाबानं सांगितलं ना, मेसेज आला की या," ती म्हणाली. "आला नाय. मंग म्या म्हणलं, काय नसंल. असतं तर कळविलं असतं."

फोन तिच्याकडं नव्हता, तरी तिनं आमच्यावर विश्वास ठेवला होता. मोठं हॉस्पिटल आहे, त्यांना कळवायचं असलं तर ते कसंही कळवतील, एवढा साधा तिचा हिशेब होता. वस्तीवरच्या पिठाच्या गिरणीवाल्याकडं फोन आहे, त्याला ती दर आठवड्याला विचारतही होती, म्हणजे तिच्या बाजूनं जे करायचं ते तिनं केलं होतं.

मी म्हटलं, मेसेज आला होता. माझ्या फोनवर आला होता. मी वाचला नाही. आणखीही बरंच सांगायला लागले, खोटे पेशंट, पुण्याची कंपनी, नंबर कसा पडला, यादीतून नाव कसं गेलं. ती पातेलं मांडीवर धरून सगळं ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं थोडा विचार केला. चिडली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं म्हणून तिनं विचारलं.

"तुमच्याकडं आला व्हता, तर मंग तुमी यायचं व्हतं ना?"

तीन वर्षं मी या सिस्टीमवर पानंच्या पानं तक्रारी लिहिल्या. त्या सगळ्या एका बाजूला आणि हे एक वाक्य एका बाजूला. मला तिथंच रडू आलं. सिस्टरनं मला पाणी दिलं आणि रिपोर्टात काय आहे ते तिनंच त्या बाईला सांगितलं, हात हातात घेऊन, हळूहळू. बाईनं नवऱ्याला हाक मारली. तो मेंढ्यांचा सौदा टाकून आला. उद्या कितीची गाडी असते एवढंच त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. काकांनी खिडकी सोडून बाहेर येऊन त्यांना बाकड्यावर बसवलं. मग आत जाऊन त्यांनी तिच्या स्वतःच्या नावानं नवा पेशंट काढला, नाव, गाव, वय, सगळं तिला विचारून. मोबाईलच्या रकान्याशी त्यांची बोटं थांबली आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. नंबर त्यांना पाठच होता.

सर्जननी तपासलं आणि ऑपरेशन झालं. आता औषधं चालू आहेत, दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून द्यावी लागतात. मी व्हरांड्यात त्यांना गाठून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, बघू, आशा आहे, पण पाच आठवडे आधी आली असती तर मला जास्त आवडलं असतं. 

तपासणीवाले आले, सगळं बघून गेले. आठ चाचण्या बंद आहेत. सात बंद करू द्यायला मी नकार दिला, त्यावरून सर अजून नाराज आहेत. तिच्यातली माणसं एकेक करून बाहेर काढायचं काम चालू आहे. काका आठवून आठवून सांगतात, सिस्टरचं रजिस्टर मदतीला आहे. गंगापूरकडचे मोतीबिंदूचे आजोबा सापडले, खोकलेलं पोर बरं होऊन शाळेत जातंय. हिमोग्लोबिन सहावाली बाई मात्र अजून सापडलेली नाही. ती बाई कुठंतरी आमच्या मेसेजची वाट बघत असेल, हे मनात आलं की माझा जेवणावरचा जीव उडतो. सरावाची वेगळी सिस्टीम कधी देता, म्हणून मी कंपनीला पुन्हा लिहिलं आहे. पुढच्या आठवड्यात, असं उत्तर आलं आहे. गोदामातली रजिस्टरं मी परत वाटली, तेव्हा सिस्टर एवढंच म्हणाली की, नवीन रेघा मारलेलं असेल तर द्या, हे भरत आलंय.

मेसेज अजून येतात. परवा भाजीच्या गाड्यावरच आला. मी पिशवी खाली ठेवली, चष्मा लावला आणि गिरणीवाल्याला फोन लावला. तो गिरणी बंद करून वस्तीवर हाक मारायला जातो, तोवर मी फोन कानाशी धरून उभी असते. ती येते, धापा टाकत, आणि दर वेळी एकच विचारते की काय म्हणतोय मेसेज. मी पहिल्या अक्षरापासून वाचते. तारीख, वेळ, खोलीचा नंबर, आणि शेवटी 'आपल्या प्रकृतीला लवकर आराम पडो', तेही.

"व्हय," ती म्हणते. "येते मंग."